इंदूरला शिकायला येतेय, पण मला डोंगर लागतात

गोदाकाठची · १४ जून, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. मी नाशिकची. देवी अहिल्या विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश मिळालाय, दोन वर्षं खंडवा रोडच्या तक्षशिला परिसरात काढायची आहेत. घरात सगळे खूश आहेत, मी पण आहे, पण एक गोष्ट मनातून जात नाहीये म्हणून इथे लिहिते.

सातवीत असल्यापासून मी दर दुसऱ्या रविवारी बाबांबरोबर डोंगरावर जातेय. रामशेज, अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहरच्या त्या उभ्या पायऱ्या. बारावीच्या वर्षात सगळे म्हणाले बंद कर, मी नाही केलं, आणि मार्क चांगलेच मिळाले. आठवडाभर डोकं भरून जातं, रविवारी वर जाऊन ते रिकामं करून आलं की सोमवारी पुस्तक नीट दिसतं, माझं असं आहे. आता इंदूरचा नकाशा बघितला तर चहूकडे सपाट शेतंच शेतं. बाबा म्हणतात दोन वर्षं डोंगर विसर. मला ते जमेल असं वाटत नाही.

तर तिथल्या मराठी लोकांना विचारते. जवळपास चालायला, चढायला काही आहे का? राहायला कुठला भाग चांगला, हॉस्टेल की पीजी की कोणाच्या घरी खोली? आणि मुलीने एकटीने किंवा मैत्रिणींबरोबर बाहेर पडणं कितपत ठीक आहे? आईला हा तिसरा प्रश्न सगळ्यात मोठा आहे.

जिरावण · १४ जून, रात्री १०.४१

पहिलं उत्तर माझं! ये ये, पोह्यांची काळजी करू नको, बाकीचं मोठी माणसं सांगतील.

रामबागकर · १४ जून, रात्री ११.०५

बेटा, अभिनंदन. आमचं घराणं सहा पिढ्या इंदुरात आहे, होळकरांबरोबर आलेली माणसं आम्ही, तेव्हा मराठीची चिंता सोडून दे. आमची मराठी ऐकून तुला आधी हसू येईल, आम्ही "येऊन राहिलो", "जेवून राहिलो" असंच बोलतो, शाळेत मराठीच्या बाईंनी कितीही टोकलं तरी ते काही सुटलं नाही. महिनाभरात तू पण बोलशील.

नकाशा तू उत्तरेकडून बघितलास. दक्षिणेकडून बघ. देवास-उज्जैनकडे गेलीस तर सपाटच आहे, काळी माती, गहू आणि सोयाबीन. पण खंडवा रोडने किंवा महूकडे पंचवीस-तीस किलोमीटर गेलीस की जमीन संपते. संपते म्हणजे खरंच संपते, समोर दरी. तो विंध्याचा काठ. आणि तुझं विद्यापीठ नेमकं त्याच रस्त्यावर आहे, ही देवाची कृपा समज.

भंवरकुआं४ · १४ जून, रात्री ११.५०

मी वेगळं सांगणार आहे, राग मानू नका. मी बुऱ्हाणपूरचा, तीन वर्षं भंवरकुआंला राहून एमपीपीएससीची (मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची) तयारी करून राहिलोय. इथे एका गल्लीत किती मुलं राहतात ते येऊन बघा. झाबुआ, खरगोन, खंडवा, बैतूल, सगळीकडची. खाली झेरॉक्सचं दुकान, वर लायब्ररी, तिच्या वर खोल्या. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नाही, बसून वाचायची जागा, महिन्याच्या पैशाने खुर्ची मिळते.

यातल्या पुष्कळ मुलांना घरून पैसे पाठवताना शेत गहाण पडलेलं असतं. माझ्या पहिल्या खोलीतले दोघे प्रत्येक पावसाळी शनिवार-रविवारी धबधब्यावर जायचे, फोटो टाकायचे, आणि दोघेही दीड वर्षात घरी परत गेले. म्हणून म्हणतो, बाबा म्हणतात ते चुकीचं नाही. दोन वर्षं फार नसतात. शिकायला येताय ना, मग शिका.

माळव्याची_लेक · १५ जून, सकाळी ७.१५

@भंवरकुआं४ तुझं म्हणणं मनापासून आलंय ते समजतंय. पण ते दोघे परत गेले ते धबधब्यामुळे की आणखी कशामुळे, हे तू तरी नक्की सांगू शकशील का? मी शाळेत शिकवते, वीस वर्षं मुलं बघतेय. जी मुलं खोलीत कोंडून घेतात त्यांची पण काळजी वाटते मला. रात्री दोनला वाचतात, सकाळी दहाला उठतात, मेसचं अर्धं जेवतात, आणि दिवाळीला घरी गेली की आई ओळखत नाही.

@गोदाकाठची, राहण्याचं सांगते. विजय नगर, पलासिया तुला लांब पडेल, भाडंही जास्त. भंवरकुआं जवळ आहे पण फार गजबज. विद्यापीठाचं मुलींचं हॉस्टेल मिळालं तर पहिलं वर्ष तिथेच काढ, मैत्रिणी तिथेच होतात. नाही मिळालं तर राजेंद्र नगर बघ. अर्धी वस्ती मराठी आहे, गणपतीत घराघरातून आरत्या ऐकू येतात. आजी-आजोबा दोघंच राहतात आणि वरची खोली मुलींना देतात अशी बरीच घरं आहेत. आणि तिथून महूचा रस्ता सरळ. लोकमान्य नगर पण चांगलं.

बेसाल्ट · १५ जून, दुपारी १.३०

होळकर सायन्स कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकलो (१८९१ चं कॉलेज आहे, आणि त्याच वर्षी महूला बाबासाहेबांचा जन्म झाला, हे आमच्या सरांनी पहिल्याच तासाला सांगितलेलं आजवर विसरलो नाही), त्यामुळे या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. थोडं मोठं होईल.

ताई, तुमचा नाशिकचा दगड आणि आमचा दगड एकच. तोच काळा कातळ, थरावर थर लाव्हा ओतला गेला त्याचा. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, म्हणजे नाशिकच्याच आसपास. फरक हा की नाशिकला तुम्ही पठारावर उभ्या असता आणि पठाराच्या वर आणखी डोंगर उभे असतात. आमच्याकडे पठार हाच डोंगर आहे, आम्ही त्याच्या डोक्यावर राहतो. दक्षिणेला तो तुटतो आणि नर्मदेचं पात्र साडेतीनशे-चारशे मीटर खाली आहे.

याचा चालणाऱ्या माणसासाठी अर्थ असा. सह्याद्रीत आधी चढायचं, दम लागायचा, वर जेवायचं, मग उतरायचं. इथे उलट आहे. गाडी वर लागते, आपण ताजेतवाने असताना भराभरा दरीत उतरतो, खाली पाण्यात खेळतो, जेवतो, आणि मग दुपारच्या उन्हात, पोट भरलेलं असताना, चढ समोर उभा राहतो. नवीन माणसं इथेच फसतात. पाणी उतरताना संपवलेलं असतं. सह्याद्रीतले तगडे ट्रेकर मी इथल्या कजलीगढ किल्ल्याच्या दरीतून वर येताना डोकं धरून बसलेले बघितलेत. तेव्हा इथला नियम लक्षात ठेवा, अर्धं पाणी आणि निम्म्यापेक्षा जास्त ताकद चढासाठी ठेवायची.

आणि एक मजा सांगतो. जानापावला जा, मानपूरजवळ, आग्रा रोडवरूनच फाटा आहे. साडेआठशे मीटरच्या आसपास उंची, परशुरामाचं जन्मस्थान म्हणून लोक मानतात. तिथून चंबळ निघते, ती उत्तरेला यमुनेला मिळते आणि ते पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जातं. त्याच रांगेच्या दक्षिण उतारावर पडलेला पाऊस चोरल-कारम या नद्यांमधून नर्मदेला आणि अरबी समुद्राला. छत्री घेऊन वर उभं राहिलं तर एका बाजूचं पाणी पूर्वेच्या समुद्रात आणि दुसऱ्या बाजूचं पश्चिमेच्या.

गोदाकाठची · १५ जून, दुपारी २.०२

@बेसाल्ट दादा मी हे तीनदा वाचलं आणि बाबांना वाचून दाखवलं. बाबा गप्प झाले आणि मग म्हणाले जानापावचा फोटो आहे का.

आणि आग्रा रोड म्हणजे आमच्या घराजवळून जातो तोच?

बेसाल्ट · १५ जून, दुपारी २.१०

तोच. मुंबई-नाशिक-धुळे-सेंधवा-इंदूर. रात्रीची बस घेऊ नका, पहिल्यांदा तरी दिवसाची घ्या. खलघाटला नर्मदा ओलांडली की खिडकीत बसा. धामनोद सोडलं की थोड्या वेळात बस घाट चढायला लागते आणि मानपूरला वर येते. वर आलात की हवा बदललेली कळते.

पुण्याहून_परत · १५ जून, रात्री ९.३०

सगळं छान छान चाललंय म्हणून थोडं दुसऱ्या बाजूचं. "मध्यम शहर, शांत शहर" हे इंदूरबद्दल पंधरा वर्षांपूर्वी ठीक होतं. २०११ च्या जनगणनेतच वीस लाखांच्या घरात होतं, आता त्याहून कितीतरी वाढलंय. संध्याकाळी भंवरकुआं चौकातून दुचाकी काढून दाखवा. मी पुण्यात आठ वर्षं काढून आलो, मला वाटलं सुटलो, नाही सुटलो.

पण एक मान्य करतो. पुण्यात सिंहगडाला रविवारी जायचं तर पायथ्यालाच तासभर अडकायचो. इथे सकाळी सहाला घरून निघालो तर पावणेसातला रालामंडलच्या दाराशी असतो. शहराला लागून अभयारण्य, वर होळकरांची शिकारकोठी, तासाभरात वर-खाली होतं. वर्गाच्या आधी जाऊन येता येईल एवढं जवळ. नवीन माणसाने सुरुवात तिथून करावी, चितळ दिसतात, आणि वरून सगळं इंदूर दिसतं, त्यात आपलं घर शोधायचं.

जिरावण · १५ जून, रात्री ९.४४

आणि उतरलं की पोहे.

गोदाकाठची · १५ जून, रात्री ९.५०

पोह्यांचं एवढं काय आहे हो? आमच्याकडे पण रोज होतात 😀

जिरावण · १५ जून, रात्री ९.५२

अगं तुमच्याकडे फोडणीत परततात. इथे उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर कढई ठेवतात, वाफेवरच तासन् तास मऊ राहतात. बडीशेप असते, थोडी साखर असते, वरून शेव, कांदा, जिरावण मसाला, आणि बाजूला गरम जिलबी.

माळव्याची_लेक · १५ जून, रात्री १०.००

आणि उसळ-पोहे विसरलास. तिखट उसळ पोह्यांवर घालून. मुलांच्या खिशाला परवडतं आणि दुपारपर्यंत भूक लागत नाही. हिवाळ्यात सराफ्यात गराडू. कंदाचे तुकडे तळून मसाला भुरभुरून, हात पोळत खायचे.

रामबागकर · १५ जून, रात्री १०.१८

सराफ्यात दिवसा सोन्याची दुकानं, रात्री तीच बंद झाली की त्यांच्या ओट्यांवर खाऊगल्ली. माझे वडील आम्हाला भुट्ट्याचा कीस खायला न्यायचे. कोवळं मक्याचं कणीस किसून दुधात शिजवलेलं. आता गर्दीमुळे मी जात नाही पण सून आणून देते.

धागा भरकटला. बेटा, तुझ्या आईच्या प्रश्नाला अजून कोणी उत्तर दिलं नाही. कोणीतरी द्या.

महूकर · १६ जून, सकाळी ६.४०

मी देतो. माझं सगळं आयुष्य महूला गेलंय, घरापासून पातालपाणीचा धबधबा सायकलच्या अंतरावर. हे जरा नीट वाच आणि आईला पण वाचायला दे.

माणसांची भीती आणि पाण्याची भीती अशा दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणसांचं सांगायचं तर मुली ग्रुपने येतात, जातात, रविवारी सकाळी गर्दीच असते. सूर्य कलायच्या आत परत फिरायचं, आडवाटेच्या कुंडावर दोघी-तिघींनीच जायचं नाही, आणि गावातल्या कोणाला तरी विचारून पुढे जायचं. भिल्ल वस्तीतली माणसं वाट दाखवतात, पावसाचं पण अचूक सांगतात. त्यांना मामा म्हणतात इथे, टंट्या मामांच्या नावाने. इंग्रजांनी १८८९ मध्ये टंट्या भिल्लांना जबलपूरला फाशी दिलं, आणि पातालपाणीला त्यांचं ठाणं, म्हणजे छोटं देऊळ, आहे. रेल्वेगाडी तिथे थांबून सलामी देऊन मगच पुढे जायची, हे मी लहानपणापासून बघत आलोय.

खरी भीती पाण्याची आहे. २०११ च्या जुलैमध्ये पातालपाणीला पाणी अचानक वाढलं आणि एकाच घरातली माणसं दगडावर अडकून वाहून गेली. देशभर तो व्हिडिओ लोकांनी बघितला. लोक विचारतात, त्यांना दिसलं कसं नाही? नाही दिसत. धबधब्यावर ऊन असतं, आणि पाऊस पडत असतो वर दहा-पंधरा किलोमीटरवर, पठारावर. काळी माती एकदा भिजून भरली की आणखी पाणी पीत नाही, सगळं ओढ्यात लोटते. ओढे सगळे काठाकडे येतात आणि दरीच्या तोंडाशी अरुंद होतात. बेसाल्टने सांगितलं तसं आपण पठाराच्या कडेवर असतो, आणि मागचं सगळं पठार आपल्यावर रिकामं होतं.

मी स्वतः एकदा यातून वाचलोय. कॉलेजात होतो, चोरलच्या वरच्या अंगाला आम्ही पाच जण दगडावर बसून डबा खात होतो. पाणी निवळशंख. एका मित्राने डबा धुवायला हात घातला आणि म्हणाला, अरे पाणी गढूळ कसं झालं. त्यात काटक्या, पळसाची सुकी पानं वाहून येत होती. वरच्या काठावरून एक गुराखी हात हलवून ओरडत होता, आम्हाला वाटलं हाय करतोय. मग तो इतका वेड्यासारखा ओरडायला लागला की आम्ही डबे तिथेच टाकून काठाकडे पळालो. मागे वळून बघितलं तर बसलो होतो तो दगड दिसत नव्हता. किती वेळ गेला असेल? पाच मिनिटं पण नाही. त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही, हे मला आजही लागतं.

तेव्हा ताई, पावसाळ्यात पात्रात उतरायचं नाही. मधल्या दगडावर बसायचं नाही, कोणी कितीही फोटो काढत असो. पाण्याचा रंग बदलला, काड्या-पानं आली, आवाज भरला, की पहिली उडी काठाकडे, सामान राहू दे. कठड्याच्या पलीकडे जायचं नाही. प्रशासन पावसाळ्यात काही ठिकाणी बंदी घालतं, तेव्हा मागच्या वाटेने घुसायचं नाही. धबधबा बघायचा काठावरून. पाण्यात खेळायचं असेल तर डिसेंबरात या.

गोदाकाठची · १६ जून, सकाळी ८.३०

काका, आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, हा माणूस असेल तिथे मी मुलीला पाठवीन. मी शब्द देते, पात्रात नाही उतरणार.

भंवरकुआं४ · १६ जून, सकाळी ९.१५

@माळव्याची_लेक ताई, तुमच्या प्रश्नावर कालपासून विचार केला. खरं उत्तर असं की ते दोघे परत गेले कारण एकाच्या वडिलांना लकवा मारला आणि दुसऱ्याला इथे करमलंच नाही. धबधब्याचं मी जोडलं. बहुतेक मला त्यांचा हेवा वाटायचा.

तीन वर्षांत मी एकदाही चोरलच्या पुढे गेलो नाही, घरी जाताना बसमधून जातो तेवढंच. भेरूघाटाच्या वळणावर बस हळू होते तेव्हा खाली जंगल दिसतं आणि प्रत्येक वेळी वाटतं इथे उतरून जावं.

माळव्याची_लेक · १६ जून, सकाळी ९.५०

बाळा, उतर एकदा.

पाणपक्षी · १६ जून, सकाळी ११.२०

ज्याच्याकडे पूर्ण रविवार नसेल त्याच्यासाठी. धार रोडवरचा सिरपूर तलाव, शहरातच. होळकरांनी पाण्यासाठी बांधलेला, पुढे दुर्लक्षाने मरायला टेकला होता, काही माणसांनी वर्षानुवर्षं भांडून तो वाचवला, आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेला. त्याच वर्षी यशवंत सागर तलाव पण. हिवाळ्यात पहाटे जा, दुर्बीण नसेल तरी चालेल. यशवंत सागरला नशीब असेल तर सारसाची जोडी दिसते, माणसाएवढा उंच पक्षी शेतातून चालत येतो. त्याच्याच मागच्या फुगवट्यावर गुलावटचं कमळतळं आहे. तिथे लग्नाआधीचे फोटो काढणाऱ्यांची फार गर्दी असते, म्हणून उन्हं यायच्या आत जाऊन परत यावं.

वॉटरकलर · १६ जून, दुपारी ४.०५

बाहेर पडण्याचा विषय आहे म्हणून, चित्रकारांचं पण ऐका. इंदूरच्या कलाशाळेत देवळालीकर मास्तर होते, त्यांच्या हाताखाली ना. श्री. बेंद्रे तयार झाले, एम. एफ. हुसेन पण काही काळ तिथे शिकले. बेंद्रे इंदूरचेच, १९१० चा जन्म, पुढे बडोद्याला जाऊन त्यांनी आणखी पिढ्या घडवल्या. त्यांची निसर्गचित्रं बघितली की कळतं, हा माणूस बाहेर बसून बघत होता.

आम्ही विद्यार्थी असताना छत्रीबागेत, कृष्णपुरा छत्र्यांवर (छत्र्या म्हणजे होळकरांच्या समाध्या), नाहीतर महेश्वरच्या घाटावर बोर्ड मांडून बसायचो. महेश्वर नव्वद किलोमीटर, सकाळची बस पकडली की उन्हं वर यायच्या आत घाटावर. खाली नर्मदा, वर अहिल्याबाईंचा वाडा, मागे हातमागांचा खटखट आवाज. चार तास एका जागी बसून एक पायरी रंगवली होती मी. डोंगर चढणं हा एक प्रकार झाला, पण एकाच जागी बसून राहणं हा पण बाहेर पडण्याचाच प्रकार आहे, हे त्या मुलीला सांगावंसं वाटलं.

पुण्याहून_परत · १६ जून, संध्याकाळी ७.३०

मांडू राहिलं. पावसाळ्यात ढग महालात शिरतात. पण शनिवार-रविवार टाळा, विद्यार्थ्यांना मधला वार जमतो तर मधल्या वारी जा.

जिरावण · १६ जून, संध्याकाळी ७.४५

आणि पातालपाणी-कालाकुंडची गाडी! मीटरगेजची उरलेली लाइन, पावसाळ्यात हेरिटेज ट्रेन म्हणून चालते, २०१८ च्या डिसेंबरला सुरू केली. बोगदे, पूल, माकडं. कालाकुंड स्टेशनवर पळसाच्या पानात कलाकंद मिळतो. गावाच्या नावावरून मिठाई की मिठाईवरून गाव, यावर आमच्या घरी दर वर्षी भांडण होतं.

महूकर · १६ जून, रात्री ९.१०

त्या लाइनचा इतिहास पण ऐकण्यासारखा आहे. खंडव्याहून इंदूरला रेल्वे यावी म्हणून दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रजांना एक कोटी रुपये कर्ज दिलं होतं, १८७० च्या सुमाराला. संस्थानाने सरकारला कर्ज द्यायचं, विचार करा. विंध्य चढवायचा होता ना गाडीला.

आता एक मनातलं बोलतो. २०१७ पासून सलग कित्येक वर्षं हे शहर स्वच्छतेत देशात पहिलं आलं, आम्हाला फार अभिमान आहे. लहान पोर पण ओला-सुका कचरा वेगळा टाकतं. आणि तीच माणसं रविवारी चोरलच्या काठावर कुरकुऱ्यांची पाकिटं, थर्माकोलच्या थाळ्या, बाटल्या फोडून टाकून जातात. सोमवारी सकाळी मी आणि दोन-तीन पोरं पोती घेऊन जातो. काचेने गुरांचे पाय कापतात. शहराची हद्द संपली की सवय पण संपते का? तुम्ही नवीन येताय तर एक पिशवी जवळ ठेवा एवढंच मागतो.

गोदाकाठची · १७ जून, सकाळी ९.००

ठेवीन काका. सगळ्यांचे मनापासून आभार. १ जुलैला निघतेय, दिवसाच्या बसने.

गोदाकाठची · ९ नोव्हेंबर, रात्री ८.१५

धागा वर काढतेय. बरेच जण विचारत होते म्हणून सांगते.

हॉस्टेल नाही मिळालं. राजेंद्र नगरला एका आजींकडे वरच्या खोलीत राहते, आम्ही तिघी आहोत, एक अकोल्याची आणि एक झाबुआची. आजी पहिल्या दिवशी म्हणाल्या, "रात्री दहाच्या आत येऊन जायचं, आणि उपाशी झोपायचं नाही." दुसरा नियम त्या जास्त कडक पाळतात. त्याआधी पंधरा दिवस एका पीजीत होते, तिथे अनामत रक्कम परत मिळायला फार त्रास झाला, नवीन मुलींनी पैसे देण्याआधी सगळं लिहून घ्या.

सुरुवातीचे दोन महिने कठीण गेले. सगळं हिंदीत, प्रॅक्टिकलच्या वह्या, घरची आठवण. ऑगस्टमध्ये एका शनिवारी मी आईला फोन करून रडले, परत येते म्हणाले. दुसऱ्या दिवशी पहाटे झाबुआची मैत्रीण म्हणाली चल, आणि आम्ही रालामंडलला गेलो. पाऊस भुरभुरत होता. शिकारकोठीच्या पायरीवर बसून मी शहरात राजेंद्र नगर शोधत होते आणि ती तिच्या गावच्या टेकड्यांचं बोलत होती. खाली येऊन पोहे खाल्ले, @जिरावण, तुझं बरोबर होतं. त्यानंतर परत जाण्याचं मनात आलं नाही.

कजलीगढला आत्तापर्यंत तीनदा गेले. पहिल्यांदा बेसाल्ट दादांचं ऐकूनही पाणी उतरतानाच संपवलं आणि चढताना पाय थरथरले. काळ्या चिखलाचं कोणी सांगितलं नव्हतं! बुटाला एकेक किलो चिकटतो. पातालपाणी कठड्याच्या आतून बघितलं. एकदा चोरलला पाणी वाढताना काठावरून बघितलं, रंग बदललेला ओळखला, आणि पात्रातल्या चार मुलांना ओरडून बाहेर काढलं. ते आधी हसले. मग आले बाहेर.

गेल्या आठवड्यात बाबा आले होते. त्यांना जानापावला नेलं. बाबा वर बराच वेळ काही बोलले नाहीत, मग बाटलीतलं थोडं पाणी उत्तरेला ओतलं आणि थोडं दक्षिणेला.

सेमिस्टरचे मार्क अजून यायचेत पण पेपर चांगले गेलेत.

रामबागकर · ९ नोव्हेंबर, रात्री ९.०२

वाचून डोळे भरले बेटा. दिवाळीचा फराळ शिल्लक आहे, रामबागेत येऊन जा. तिघी येऊन जा.

गोदाकाठची · १२ नोव्हेंबर, दुपारी १.२०

येते काका. आणि सगळ्यांसाठी: येत्या रविवारी कजलीगढ. तेजाजी नगर नाक्यावर सकाळी सव्वासहाला भेटायचं, दरीत न उतरता काठाकाठाने चालायचं, परत येताना कचरा गोळा करायचा. महूकर काका पोती आणतायत. आत्तापर्यंत आम्ही पाच आहोत.

भंवरकुआं४ · १२ नोव्हेंबर, दुपारी १.४८

सहावा मी. अकराच्या आत परत यायला हवं, साडेबाराला टेस्ट सिरीज आहे.

महूकर · १२ नोव्हेंबर, दुपारी २.०५

साडेदहाला नाक्यावर सोडतो तुला. दोन बाटल्या पाणी आण, एकीला परत येईपर्यंत हात लावायचा नाही.